विकलेली बोट आणि न सुटलेले नाव: एका खासगी व्यवहाराचा प्रकरण अभ्यास

दलाल किंवा विक्रेता कंपनी मध्ये न घेता दोन व्यक्तींनी आपसांत केलेल्या जुन्या बोटीच्या व्यवहारात ज्या अडचणी वारंवार उद्भवतात, त्यांपैकी काही एकत्र आणून हे प्रकरण मांडले आहे. यातील विक्रेता आणि खरेदीदार दोघेही हौशी बोटधारक आहेत. दोघांपैकी कोणाचाही बोटींचा धंदा नाही, आणि पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

बोट सुमारे आठ मीटर लांबीची, फायबरग्लासची, आत बसवलेल्या एका डिझेल इंजिनावर चालणारी होती. विक्रेत्याने जाहिरातीत 'इंजिनाची संपूर्ण सर्व्हिस नुकतीच झालेली, कोणतेही काम बाकी नाही' असे लिहिले होते. प्रत्यक्षात त्याने स्वतःच इंजिन ऑइल, इंधन आणि ऑइलचे फिल्टर, पट्टा व समुद्रपाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर बदलला होता. खरेदीदाराने बोट दोनदा पाहिली आणि दुसऱ्या वेळी धक्क्यापासून थोडे अंतर मंद वेगाने चालवूनही पाहिली. सर्व्हेअर (बोटीची स्थिती तपासून अहवाल देणारा तज्ज्ञ) आणावा असे विक्रेत्याने सुचवले, परंतु खरेदीदाराने ते नाकारले, आणि हा नकार तोंडी असल्यामुळे त्याची कुठेही नोंद राहिली नाही. व्यवहारापूर्वी खरेदीदाराने एका संदेशात किंमत, ताब्याची तारीख, नांगराची साखळी आणि इंजिन यांविषयी चार प्रश्न विचारले होते. त्यांतील शेवटचा प्रश्न 'इंजिन कधी तापले होते का, असल्यास कळवावे' असा होता. विक्रेत्याने पहिल्या तिन्हींची उत्तरे दिली आणि चौथ्याचे दिले नाही.

विक्रीखत एका पानाचे होते. त्यात दोघांची नावे व पत्ते, बोटीचा ओळख क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, किंमत आणि 'बोट आहे त्या स्थितीत विकली आहे' हे वाक्य होते. त्याखेरीज विक्रेत्याने एक स्वतंत्र ताबा पावती केली. तीत तारखेबरोबर वेळ आणि इंजिनाच्या तास-मीटरवरील आकडा नोंदवून दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. बोटीची नोंदवही (लॉगबुक), चाव्या आणि नोंदणी हस्तांतराचा आपल्या बाजूने सही केलेला अर्ज त्याने खरेदीदाराच्या हाती दिला आणि त्याच दिवशी आपला विमा रद्द केला. अर्ज कार्यालयात दाखल करण्याचे काम मात्र त्याने पूर्णपणे खरेदीदारावर सोडले.

तीन आठवड्यांनी एकापाठोपाठ तीन गोष्टी घडल्या. प्रथम खरेदीदाराने कळवले की भर समुद्रात इंजिन तापले, बोट ओढून आणावी लागली आणि मेकॅनिकने सांगितलेला खर्च विक्री किमतीच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतका आहे. तो पूर्ण द्यावा, नाहीतर बोट परत घेऊन पैसे परत करावेत. त्यानंतर काही दिवसांनी बंदराच्या व्यवस्थापनाचे पत्र विक्रेत्याच्या पत्त्यावर आले. बोट बांधून ठेवण्याचे शुल्क थकले असून, दोर झिजून तुटल्याने बोट सुटली आणि शेजारच्या बोटीवर आदळली, तेव्हा 'नोंदणीकृत मालक' या नात्याने खुलासा करावा, असा त्यातील मजकूर होता. तिसरी गोष्ट अशी की ज्या यार्डात बोट पूर्वी किनाऱ्यावर काढून ठेवली जात असे, त्या यार्डाने जुन्या भाड्याची बाकी खरेदीदाराकडे मागितली, आणि खरेदीदाराने ती आपल्या तक्रारीला जोडून 'बोट बोजासकट विकली' असा आरोप केला.

यार्डाचा प्रश्न लवकर मिटण्यासारखा होता. बाकी विक्रेत्याच्या काळातील होती आणि ती विस्मरणाने राहिली होती. त्याने ती त्याच दिवशी भरली, 'काहीही येणे नाही' असा लेखी दाखला घेतला आणि त्याची प्रत खरेदीदाराला पाठवली. रक्कम किरकोळ होती, तरी धोका लहान नव्हता. निर्वेध मालकी देण्याची जबाबदारी खासगी विक्रेत्यावरही असते आणि 'आहे त्या स्थितीत' हे शब्द तिला झाकत नाहीत. शिवाय बोटीच्या बाबतीत काही देणी माणसाऐवजी वस्तूलाच चिकटतात. खलाशांचे वेतन, बुडत्या नौकेच्या बचावाचा मोबदला आणि टकरीचे नुकसान यांचा सागरी बोजा मालक बदलला तरी नौकेबरोबर जातो, हे तत्त्व बहुतेक सागरी कायद्यांत आहे. अमेरिकेत तर दुरुस्ती आणि आवश्यक पुरवठ्याची बिलेही या वर्गात येतात, तर इंग्लंडमध्ये दुरुस्तीच्या बिलाला तसा दर्जा नाही. त्यामुळे कोणत्या बिलाचा पाठलाग कोणाला करावा लागेल हे देशागणिक बदलते. विक्रेत्याने या वादात न शिरता पैसे भरले, हे शहाणपणाचे होते.

तापलेले इंजिन

तक्रारीचा पहिला फोन आला तेव्हा विक्रेता म्हणाला, 'बघू, काहीतरी करू.' असे बोलणे माणुसकीचे होते, पण पुढच्या पत्रात खरेदीदाराने तेच वाक्य 'खर्च देण्याचे मान्य केले' असे उद्धृत केले. यानंतर विक्रेत्याने फोनवर चर्चा करणे थांबवले आणि एक छोटे लेखी उत्तर पाठवले. तक्रार मिळाली आहे, जबाबदारी मान्य किंवा अमान्य करण्यापूर्वी इंजिन दोघांच्या संमतीच्या त्रयस्थ मेकॅनिककडून तपासून घ्यावे, तपासणीचा खर्च निम्मा-निम्मा वाटावा, तोपर्यंत कोणताही भाग बदलू नये, आणि बदलावाच लागल्यास जुना भाग फेकू नये, एवढाच त्याचा आशय होता. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उपयोगी पत्र हेच होय. जुना भाग कचऱ्यात गेल्यानंतर बिघाडाचे कारण सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते.

बिघाड समजण्यासाठी अशा इंजिनाची थंड होण्याची व्यवस्था थोडी जाणून घेणे आवश्यक आहे. इंजिनाच्या आत गोड्या पाण्याचे व कूलंटचे बंद चक्र फिरत असते, आणि त्याची उष्णता हीट एक्स्चेंजरमधून समुद्राच्या पाण्याला दिली जाते. हे समुद्राचे पाणी तळातील झडपेतून आत येते, रबरी पाती असलेला इम्पेलर ते ढकलतो, एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून ते जाते आणि शेवटी एक्झॉस्टच्या कोपरात धुरामध्ये मिसळून बाहेर पडते. इम्पेलरला वंगण पाण्याचेच असते. झडप बंद ठेवून इंजिन सुरू केले, तर रबर अत्यल्प वेळात घासून जळते आणि पाती तुटतात. तुटलेली पाती पाण्याबरोबर पुढे जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. नवा इम्पेलर बसवणारा जुन्याची पाती मोजून हरवलेले तुकडे शोधत नसेल, तर ते तिथेच राहतात, त्यांवर क्षार साचतो आणि पाण्याची वाट हळूहळू अरुंद होते. मंद वेगात याचा पत्ता लागत नाही, कारण इंजिनावर भार कमी असेल तर बाहेर टाकायची उष्णताही कमी असते. पूर्ण भाराखाली बराच वेळ चालवल्यावर तापमानाचा काटा चढू लागतो. धक्क्याजवळ थोडे फिरून येणे म्हणजे सागरी चाचणी नव्हे, असे सर्व्हेअर सांगतात ते यासाठीच.

त्रयस्थ मेकॅनिकने एक्स्चेंजर उघडला तेव्हा त्यात दोन प्रकारचे तुकडे सापडले. काही कडक झालेले आणि क्षाराच्या थराने माखलेले होते, तर काही ताजे, स्वच्छ तुटलेल्या कडांचे होते. पंपातील सध्याच्या इम्पेलरची पाती तुटलेली होती आणि उरलेल्या रबरावर कोरडे फिरल्याची चकाकी होती. नोंदवहीत दोन वर्षांपूर्वीची 'इम्पेलर तुटला, काटा चढल्याने इंजिन लगेच बंद केले, नवा बसवला' ही नोंद विक्रेत्याच्या हस्ताक्षरात होती. दुसरीकडे खरेदीदाराने मेकॅनिकपुढे मान्य केले की एका सकाळी तळातील झडप उघडायची राहिली होती आणि धोक्याची घंटा वाजल्यावरच ती लक्षात आली. मीटरवरचा आकडा ताबा पावतीशी ताडून पाहिला असता, ताबा घेतल्यापासून बोट अकरा तास चालली होती आणि झडपेची चूक त्यांतील शेवटच्या फेरीच्या आरंभी झाली होती.

म्हणजे कारणे दोन होती आणि ती एकमेकांत मिसळली होती. जुन्या तुकड्यांनी वाट अर्धवट अडवली होती, पण तेवढ्याने इंजिन तापले नव्हते. कोरड्या इम्पेलरने पाणी कमी केले, आणि आधीच अरुंद झालेल्या वाटेमुळे ती चूक महागात पडली. यात कोणाचा वाटा किती याचे गणिती उत्तर नाही. मेकॅनिकनेही ते दिले नाही, आणि दिले असते तर मला त्याच्या अहवालावर कमी विश्वास वाटला असता.

न दिलेले उत्तर

कायद्याच्या दृष्टीने खासगी विक्रेत्याची बाजू प्रथमदर्शनी भक्कम दिसते. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्यातील कलम १६ नुसार मालाच्या दर्जाची गर्भित हमी, म्हणजे न लिहिताही कायद्याने धरली जाणारी हमी, सर्वसाधारणपणे नसते, आणि जे अपवाद आहेत ते मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्यासाठी आहेत. इंग्लंडच्या १९७९ च्या मालविक्री कायद्यातही समाधानकारक दर्जाची अट धंद्याच्या ओघात विकणाऱ्यालाच लागू होते, आणि अमेरिकेच्या एकरूप व्यापार संहितेतील विक्रीयोग्यतेची गर्भित हमी व्यापाऱ्यापुरती आहे. मात्र माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, ही अट खासगी विक्रेत्यालाही चुकत नाही. येथे 'संपूर्ण सर्व्हिस' आणि 'कोणतेही काम बाकी नाही' हे शब्द विक्रेत्याच्या अंगावर येतात. 'बोट सुरेख चालते' हे मत झाले, परंतु 'संपूर्ण सर्व्हिस झाली' हे विधान खरे-खोटे करता येते. एक्स्चेंजर उघडलाच नव्हता, तेव्हा 'ऑइल, फिल्टर, पट्टा आणि इम्पेलर बदलले' एवढेच लिहिले असते तर ते वाक्य पूर्णपणे खरे ठरले असते आणि बोटीची किंमतही त्यामुळे फारशी घसरली नसती.

अधिक अवघड प्रश्न मौनाचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १७ चे स्पष्टीकरण सांगते की केवळ गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. अपवाद एवढाच की बोलणे हे कर्तव्य असावे, किंवा ते मौनच बोलण्यासारखे असावे. त्यासाठी कायद्यात घोड्याची उदाहरणे दिली आहेत. घोड्यात दोष आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा काही बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा जर म्हणाला की 'तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो' आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याच्या बरोबरीचे ठरते. आपल्या प्रकरणातील चौथा प्रश्न या दोन उदाहरणांच्या मधोमध बसतो. खरेदीदाराने 'असल्यास कळवावे' असे लिहिले होते, 'न कळवल्यास नाही असे धरतो' असे नव्हे. तरीही चारपैकी तीन प्रश्नांना उत्तर देऊन नेमका चौथा वगळणे कोणत्याही तटस्थ वाचकाला खटकेल. विक्रेत्याचे म्हणणे असे की दोन वर्षांपूर्वीच्या घटनेत काटा चढताच इंजिन बंद केले होते, त्यामुळे 'तापले' असे त्याला वाटलेच नाही. हे खरे असू शकते. तरी तसे असल्यास दोन ओळींत तेच सांगता आले असते.

विक्रेत्याच्या बाजूने एक गोष्ट जाते. त्याच कायद्याच्या कलम १९ मधील अपवादानुसार, मौनातून झालेल्या फसवणुकीच्या किंवा चुकीच्या निवेदनाच्या प्रसंगीही, साध्या दक्षतेने सत्य शोधण्याचे साधन ज्याच्या हाती होते त्याला करार रद्द करता येत नाही. नोंदवही दोन्ही भेटींच्या वेळी बोटीतच टेबलावर होती, आणि खरेदीदाराने स्वतः काढलेल्या एका छायाचित्रात ती दिसतही होती. ती त्याने उघडली नाही. असा प्रसंग कोर्टात कोणत्या बाजूला झुकेल हे ठामपणे सांगणे धाडसाचे होईल, आणि दोन्ही पक्षांना ते धाडस परवडणारे नव्हते, कारण वकिलांचा खर्च दुरुस्तीच्या पुढे गेला असता.

बोट परत घेण्याची मागणी विक्रेत्याने स्पष्टपणे नाकारली, आणि ते योग्यच होते. परत येणारी बोट विकलेल्या बोटीहून वेगळी होती: इंजिन तापून गेलेले, दोर तुटून आदळलेली, विमा नसलेली. मधल्या काळातील शुल्क आणि शेजाऱ्याचे नुकसान यांचा हिशेबही तिच्याबरोबर परत आला असता. दुरुस्तीत वाटा उचलणे आणि व्यवहार उलटवणे या दोन मागण्या एकाच पत्रात आल्या तरी त्यांचे वजन सारखे नसते, हे विक्रेत्याला वेळेवर उमगले.

नोंदणीतील नाव

इंजिनाच्या वादात सर्वांचे लक्ष गुंतले असताना खरा धोका बंदराच्या पत्रात होता. इंजिनाचा खर्च कितीही झाला तरी त्याला मर्यादा होती. मालक म्हणून विक्रेत्याचेच नाव असलेली, विमा नसलेली, कोणी देखभाल करत नसलेली बोट पाण्यात तरंगत असणे या धोक्याला तशी मर्यादा नव्हती. ती बुडाली असती, तिचे डिझेल पाण्यात पसरले असते किंवा ती वाहतुकीच्या मार्गात अडकली असती, तर काढण्याच्या खर्चाची पहिली नोटीस नोंदणीतील नावालाच गेली असती.

नोंदणी म्हणजे मालकी नव्हे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ब्रिटनच्या नोंदणीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील नोंदणीच्या पहिल्या भागात नौकेची मालकी ६४ हिश्शांत नोंदवली जाते आणि गहाणाचीही नोंद होते. छोट्या नौकांसाठी असलेला तिसरा भाग मात्र मालकी सिद्ध करत नाही, त्यात गहाण नोंदवता येत नाही, आणि मालक बदलताच ती नोंदणी संपुष्टात येते. तेव्हा जुन्या मालकाचे नाव नोंदणीत राहिले म्हणून तो मालक ठरत नाही. परंतु बंदराचा कारकून पत्र लिहिताना विक्रीखत पाहत नाही. त्याच्यापुढे नोंदणीच असते, आणि आपण मालक नाही हे दाखवून देण्याचे ओझे व्यवहारात जुन्या मालकावर येऊन पडते.

येथे ताबा पावतीने काम केले. विक्रेत्याने बंदराला फोन न करता लेखी उत्तर दिले, सोबत विक्रीखत आणि वेळ नोंदवलेल्या ताबा पावतीच्या प्रती जोडल्या, खरेदीदाराचा पत्ता कळवला आणि पत्र मिळाल्याची पोच मागितली. त्याच दिवशी त्याने नोंदणी कार्यालयाला विक्रीची सूचना स्वतःहून दिली, जे त्याने वास्तविक ताब्याच्या दिवशीच करायला हवे होते. शेजारच्या बोटीच्या मालकाने थेट त्याच्याशी संपर्क साधला, तेव्हा नुकसान किती, दोर कोणता, वारा किती या चर्चेत तो शिरला नाही. 'अमुक तारखेपासून बोट माझी नाही, आपले पत्र खरेदीदाराकडे पाठवत आहे' एवढेच त्याने लिहिले. खरेदीदाराचा पत्ता त्याने त्या शेजाऱ्याला परस्पर दिला नाही. बंदराला तो देणे आवश्यक होते, अनोळखी व्यक्तीला देणे नव्हते.

विमा विक्रीच्या दिवशीच रद्द केल्याबद्दल काही जण विक्रेत्याला दोष देतील. मला तसे वाटत नाही. मालकी गेल्यावर विम्यातील हितसंबंधही जातो, आणि पॉलिसी चालू ठेवली असती तरी कंपनीने दावा नाकारण्याची शक्यताच अधिक होती. उणीव होती ती दुसरीकडे: खरेदीदाराच्या विम्याचा पुरावा न पाहता बोट बांधलेल्या जागेवरच सोपवली गेली.

तडजोड

तडजोडीचा मसुदा विक्रेत्याने तयार केला. एक्स्चेंजर साफ करण्याचा संपूर्ण खर्च आणि उरलेल्या दुरुस्तीचा एक तृतीयांश भाग तो देणार होता. हे जबाबदारी मान्य न करता दिलेले आणि इंजिनाविषयीच्या सर्व तक्रारींचे पूर्ण व अंतिम निवारण राहील, असे त्यात नमूद होते. शेजारच्या बोटीचे नुकसान, बंदराचे शुल्क आणि ताब्यानंतरची इतर देणी खरेदीदाराची, असेही त्यात लिहिले होते. खरेदीदाराने आधी अर्ध्या खर्चाचा आग्रह धरला, पण मेकॅनिकच्या अहवालातील झडपेचा उल्लेख समोर ठेवल्यावर तो सोडला.

वाद झाला तो क्रमावरून. खरेदीदाराला पैसे आधी आणि नोंदणी नंतर हवी होती, कारण हस्तांतराचे शुल्कही त्या पैशांतून भरायचे त्याच्या मनात होते. विक्रेत्याने याच्या उलट क्रम धरला: हस्तांतराचा अर्ज दाखल झाल्याची पोच आणि नव्या विम्याचे प्रमाणपत्र हाती आल्यावरच रक्कम मेकॅनिकला परस्पर दिली जाईल. पैसे आधी दिले असते, तर अर्ज पुन्हा एकदा कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडून राहण्याची शक्यता होती, आणि त्यानंतर खरेदीदाराला तो भरायला लावण्यासाठी विक्रेत्याच्या हाती काहीही उरले नसते. दोन आठवडे पत्रव्यवहार चालला. शेवटी खरेदीदाराने शुल्क स्वतः भरून अर्ज दाखल केला, पोच व विमा प्रमाणपत्र पाठवले, आणि विक्रेत्याने त्याच दिवशी मेकॅनिकचे बिल चुकते केले. शेजारच्या बोटीच्या नुकसानीचा वाद त्यानंतरही खरेदीदार आणि तिचा मालक यांच्यात चालू राहिला, परंतु त्यातील एकही पत्र पुन्हा विक्रेत्याच्या नावावर आले नाही.